क्लोरोफॉर्म, कुत्री आणि निजामाचे हजार पौंड

१८८९ साली धाराशिव जिल्ह्यातला लोहारा मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात होता. आजच्या धाराशिव जिल्ह्याला तेव्हा नळदुर्ग जिल्हा म्हणत. पुढे सातव्या निजामाच्या नावावरून तो उस्मानाबाद झाला आणि अलीकडे, आपल्या डोळ्यांदेखत, धाराशिव. मोठा दवाखाना, वैद्यकीय शाळा, शस्त्रक्रिया करणारा गोरा सर्जन, यांतले काहीही बघायचे तर इथल्या माणसाला वाट धरावी लागे ती मुंबई-पुण्याची नव्हे, हैदराबादची.

निजामाच्या राजवटीविषयी मराठवाड्यात सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते सांगणे बहुधा रझाकार आणि मुक्तिसंग्राम यांच्यापाशी येऊन थांबते. ते स्वाभाविकही आहे. पण याच राजवटीने १८८८ आणि १८८९ या लागोपाठच्या वर्षांत एक असा उद्योग केला की भूलशास्त्राचा कोणताही इतिहास त्याला वगळून पुढे जात नाही. प्रश्न साधा होता. क्लोरोफॉर्म हुंगवलेला रोगी टेबलावरच मरतो, तेव्हा आधी काय बंद पडते, श्वास की हृदय? या एका प्रश्नापायी संस्थानाच्या तिजोरीतून १००० पौंड निघाले, लंडनहून नामांकित डॉक्टर बोलावला गेला, आणि कुत्री, घोडे, माकडे, शेळ्या, मांजरे, ससे अशी शेकडो जनावरे प्रयोगाच्या टेबलावर चढली. उत्तर निघाले. जगभर तारेने कळवले गेले. आणि ते चुकीचे होते.

क्लोरोफॉर्मची भूल सुरू झाली १८४७च्या नोव्हेंबरात, एडिंबरामध्ये. प्रसूतितज्ज्ञ जेम्स यंग सिम्प्सन यांनी घरच्या जेवणानंतर पाहुण्यांसह हे द्रव्य हुंगून पाहिले आणि मंडळी टेबलाखाली गेली. गोडसर वास, ईथरसारखा घसा न खवखवणारा, रुमालावर थोडे शिंपडले की काम फत्ते. तीन महिनेही झाले नव्हते तोच, २८ जानेवारी १८४८ रोजी, इंग्लंडमधील न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी दगावली. पायाच्या बोटाचे नख काढायचे होते, एवढेच. मुलगी भेदरलेली होती. रुमाल नाकाशी धरल्यावर काही मिनिटांत सगळे संपले. तिचे भेदरलेले असणे वाचकाने लक्षात ठेवावे. डॉक्टरांच्या लक्षात ते यायला त्रेसष्ट वर्षे लागली.

त्यानंतर असे मृत्यू होत राहिले. संख्या फार नसे, पण मेलेला माणूस बहुधा धडधाकट असे आणि शस्त्रक्रिया किरकोळ असे. दात उपटणे, गळू फोडणे. डॉक्टरांत दोन तट पडले. लंडनचे जॉन स्नो, कॉलऱ्याचा आणि पाण्याच्या पंपाचा संबंध लावणारे तेच स्नो, म्हणत की क्लोरोफॉर्मची दाट वाफ एकदम आत गेली तर हृदयच लुळे पडते, म्हणून वाफ मोजून द्या. एडिंबराचे सर्जन जेम्स साइम यांच्या शिष्यांचे म्हणणे वेगळे. नाडी बघत बसू नका, श्वासाकडे बघा. श्वास ठीक तर सगळे ठीक.

साइम यांचा असाच एक शिष्य १८८५ साली हैदराबादेत येऊन दाखल झाला. एडवर्ड लॉरी. रेसिडेन्सी सर्जन आणि हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचा प्रमुख. माणूस कर्तबगार, हाताखालच्यांना तयार करणारा आणि आपल्या गुरूच्या मताबद्दल कमालीचा हट्टी. उघड्या टोपीत कापसाचा बोळा, त्यावर क्लोरोफॉर्म, नजर फक्त श्वासावर. या पद्धतीने हजारो रोग्यांना भूल दिली आणि हृदय बंद पडून एकही गेला नाही असे तो सांगे. त्याच्या शाळेत १८८५ पासून मुलीही शिकत होत्या. त्यांतल्या रूपाबाई फर्दुनजी या पारशी विद्यार्थिनीने पुढे क्लोरोफॉर्म देण्याचेच काम पत्करले. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांचे नाव घेतले जाते. तेव्हाच्या पुण्या-मुंबईतही जे सहज दिसले नसते ते मोगलाईच्या राजधानीत घडत होते.

१८८८ साली लॉरीने आपल्या सहकाऱ्यांना घेऊन पहिला आयोग नेमला. कुत्र्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष अपेक्षेप्रमाणेच निघाला: आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने नाक मुरडले. युरोपातल्या प्रयोगशाळांत इतकी वर्षे जे दिसले ते हैदराबादच्या चार डॉक्टरांच्या सांगण्यावरून कसे बाजूला सारायचे, असा त्याचा सूर होता. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने जे केले त्याला तोड नाही. लॅन्सेटला कळवले की तुमचाच माणूस पाठवा, खर्चाला १००० पौंड आम्ही देतो. टीकाकाराच्या हातातच यंत्र देण्याची ही रीत आजही कुठे फारशी दिसत नाही.

आले ते थॉमस लॉडर ब्रंटन. हृदयशूळावर अमिल नायट्राइटची वाफ चालते हे १८६७ साली, तरुणपणीच, दाखवून देणारे. औषधांचा शरीरावर काय परिणाम होतो याचे त्या काळचे मोठे जाणकार. हैदराबादेत पाय ठेवला तेव्हा त्यांचे मत लॉरीच्या विरुद्ध होते. क्लोरोफॉर्म हृदयावर घात करते असेच ते मानत. १८८९च्या ऑक्टोबरात काम सुरू झाले आणि डिसेंबरपर्यंत चालले. आयोगात लॉरी आणि ब्रंटन यांच्याबरोबर बॉमफर्ड नावाचे लष्करी वैद्यकीय अधिकारी होते, आणि निजामाच्या वैद्यकीय खात्यातले डॉ. रुस्तुमजी हकीम.

प्रयोगाची साधने आज साधी वाटतील. जनावराच्या धमनीत नळी बसवायची, ती पाऱ्याच्या दाबमापकाला जोडायची, आणि रक्ताचा प्रत्येक उसळता दाब एका काट्याने फिरत्या नळकांड्यावर उमटवायचा. त्या यंत्राला कायमोग्राफ म्हणतात. नव्वदच्या दशकाआधी ज्यांनी एमबीबीएस किंवा बी. फार्म. केले त्यांना हे यंत्र चांगलेच ठाऊक आहे, कारण महाराष्ट्रातल्या प्रत्येक कॉलेजात ते होते. नळकांड्यावर चकचकीत कागद गुंडाळायचा, रॉकेलच्या धुरावर धरून त्यावर काजळी चढवायची, बेडकाचे हृदय दोऱ्याने काट्याला बांधायचे. मग एकेक थेंब. ॲड्रेनलिन टाकले की रेघा उंच आणि दाट, ॲसिटिलकोलिन टाकले की रेघा बुटक्या आणि विरळ, पोटॅशियम क्लोराइड जास्त झाले की हृदय ढिले पडून थांबलेले, कॅल्शियम जास्त झाले की आवळून थांबलेले. शेवटी कागद वार्निशमध्ये बुडवून वाळत घालायचा आणि जर्नलमध्ये चिकटवायचा. जनावरांवरच्या प्रयोगांचे नियम कडक झाल्यावर हे सगळे संगणकाच्या पडद्यावर गेले. ते योग्यच झाले, असे माझे मत आहे. पण शरीराबाहेर काढलेले हृदय समोर धडधडते आहे आणि आपल्या हातातल्या थेंबाने त्याची चाल बदलते आहे, हे पाहिलेला विद्यार्थी ते जन्मात विसरत नसे.

त्या बेडकाच्या हृदयाला ओले ठेवणाऱ्या पाण्याचीही एक गोष्ट आहे, आणि ती इथे सांगून टाकतो, कारण रसायन आणि हृदयाची लय यांचा संबंध तिच्याइतक्या थोडक्यात दुसरीकडे सापडणार नाही. लंडनचे सिडनी रिंगर १८८२ साली मिठाच्या पाण्यात बेडकाचे हृदय तासन् तास चालवून दाखवत होते. नंतर कळले की मदतनीस शुद्ध केलेल्या पाण्याऐवजी सरळ नळाचे पाणी वापरत होता. खरोखरच्या शुद्ध पाण्यात मीठ घालून पाहिले तर हृदय थोड्याच वेळात थकून बंद. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होते. ठोका घडवणारे ते होते. त्याच द्रावणात पुढे लॅक्टेटची भर पडली. आज ग्रामीण रुग्णालयात जुलाब-उलट्यांच्या रोग्याला ‘आरएल’ची बाटली लावतात, त्यातला ‘आर’ म्हणजे हे रिंगर.

हैदराबादकडे परत येऊ. ब्रंटन आणि मंडळींनी कसर ठेवली नाही. काही जनावरांना क्लोरोफॉर्म हळूहळू, काहींना एकदम, काहींना गुदमरवून दिले. काहींना आधी काही दिवस फॉस्फरस चारून हृदय मुद्दाम दुबळे केले, म्हणजे आजारी हृदय वेगळे वागते का ते कळेल. अर्धवट भुलीत दात उपटले, नखे काढली, कारण अशाच वेळी माणसे मरत हे त्यांना माहीत होते. हे वाचताना अंगावर काटा येतो, आणि यावा. पण प्रयोग आंधळे होते असे मात्र म्हणता येत नाही.

प्रत्येक वेळी उत्तर तेच. दाब हळूहळू उतरतो, श्वास थांबतो, हृदय त्यानंतरही काही काळ धडधडत राहते. कृत्रिम श्वास वेळेवर दिला तर जनावर परत येते. मध्येच हृदय एकदम संथ आणि अनियमित होई, तेही त्यांनी पाहिले. व्हेगस नावाची चेता हृदयाला लगाम घालते म्हणून असे होते, आणि त्यामुळे विषारी रक्त सावकाश पसरते, सबब तो एक बचावच आहे, असा अर्थ त्यांनी लावला. डिसेंबर १८८९मध्ये लॅन्सेटमध्ये ब्रंटन यांची तार छापून आली. ४९० जनावरे, त्यांतली १२० दाबमापकावर. धोका गुदमरण्याचा किंवा अतिमात्रेचा, हृदयाला थेट धोका मुळीच नाही. विरुद्ध मताने आलेला माणूस बदलला होता. लॉरीला याहून अधिक काय हवे होते?

आता गंमत पाहा. त्याच वर्षी जानेवारीत स्कॉटलंडमधील ॲबर्डीनच्या जॉन मॅकविल्यम यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक लेख लिहिला होता. माणसे अचानक मरतात तेव्हा हृदय शांतपणे थांबत नाही, असे ते म्हणत होते. उलट त्याचा प्रत्येक तंतू आपापला आकसायला लागतो. निलयाचे, म्हणजे हृदयाच्या खालच्या मोठ्या कप्प्यांचे, स्नायू एका वेळी एकत्र आवळले गेले तरच रक्त पुढे ढकलले जाते. यात्रेतल्या रथाचा दोर धरलेल्या शंभर जणांनी आपापल्या मनाप्रमाणे दिशा बदलून ओढायला सुरुवात केली, तर घाम सगळ्यांना फुटेल आणि रथ तसूभर हलणार नाही, तसे हे. हृदय वळवळत असते, पण नाडी नसते. याला फिब्रिलेशन म्हणतात. मॅकविल्यम यांनी हे जनावरांच्या उघड्या हृदयात डोळ्यांनी पाहिले होते. माणसात ते दाखवायला विजेची नोंद लागते, आणि ती घेणारे ईसीजी यंत्र यायला अजून बारा-तेरा वर्षे होती. त्यामुळे लेख छापला गेला आणि बाजूला पडला. ब्रंटन आपले सामान घेऊन हैदराबादला निघाले तेव्हा त्यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर कित्येक महिने आधीच छापून झालेले होते.

आयोगाच्या अहवालावर हल्ले लवकरच सुरू झाले. केंब्रिजचे गॅस्केल आणि शोअर यांनी दोन जनावरांच्या रक्तवाहिन्या एकमेकांना अशा जोडल्या की क्लोरोफॉर्म मिसळलेले रक्त एकाच्या फक्त मेंदूला जावे, हृदयाला नाही. १८९३ साली त्यांनी सांगितले की रक्तदाब उतरतो तो मेंदूमुळे नव्हे, हृदयच अशक्त होते म्हणून. लॉरीने ते मानले नाही. हिंदुस्थानातून निवृत्त होऊन गेल्यावरही त्याने आपले म्हणणे सोडले नाही.

पण हृदय अशक्त होणे वेगळे आणि एकाएकी थांबणे वेगळे. हॅना ग्रीनर जास्त मात्रेने मेली नव्हती. ती पुरती झोपलीही नव्हती. हे कोडे सोडवले आल्फ्रेड गुडमन लेव्ही या लंडनच्या डॉक्टराने, १९११ साली, मांजरांवर. मांजराला हलके, अगदी वरवरचे क्लोरोफॉर्म दिले आणि शिरेतून थोडेसे ॲड्रेनलिन टोचले. ठोके आधी चुकू लागले, मग निरनिराळ्या जागांहून उठणारे भलतेच ठोके एकामागून एक आले, आणि हृदय फिब्रिलेशनमध्ये जाऊन मांजर मेले. तेच मांजर खोल भुलीत असते तर? तीच सुई टोचली तरी फारसे काही होत नसे. लेव्ही आणि हृदयरोगतज्ज्ञ थॉमस लुइस यांनी मिळून ईसीजीवर हे सगळे टिपले. आणखी चमत्कारिक म्हणजे, वाफेचे प्रमाण थोडे वाढवले की बिघडलेली लय पुन्हा ताळ्यावर येई.

म्हणजे जगभरचे डॉक्टर ज्या टोकाला धोका शोधत होते त्याच्या नेमक्या उलट टोकाला तो होता. सावध डॉक्टर भीत भीत थोडेथोडे क्लोरोफॉर्म देई, मध्येच रुमाल काढून घेई, पुन्हा ठेवी. रोगी अर्धवट शुद्धीत, घाबरलेला, धडपडणारा. त्याच्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून ॲड्रेनलिनचा लोट सुटलेला. त्यात हृदय क्लोरोफॉर्मने हळवे झालेले. नखासारख्या किरकोळ शस्त्रक्रियेत माणसे का मरत आणि पाय कापताना का वाचत, याचा उलगडा झाला. किरकोळ कामाला भूलही किरकोळ दिली जाई.

हैदराबादला हे का दिसले नसावे? मला तीन कारणे दिसतात. पहिले, ॲड्रेनलिनच तेव्हा अज्ञात होते. त्या ग्रंथींच्या अर्काने रक्तदाब चढतो हे ऑलिव्हर आणि शेफर यांनी दाखवले ते १८९४-९५ मध्ये, आणि शुद्ध ॲड्रेनलिन जोकिची ताकामिने यांनी वेगळे काढले ते विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. जे द्रव्य माहीतच नाही ते सुईत कसे भरणार? दुसरे, बहुतेक जनावरांना मरेपर्यंत क्लोरोफॉर्म दिले गेले. आणि खोल भुलीच्या वाटेने गेलेल्या जनावरात श्वास खरोखरच आधी थांबतो. त्यांची नोंद खोटी नव्हती, ती भलत्या रस्त्याची होती. तिसरे कारण जनावराचे. लेव्हीचे मांजर या बाबतीत फार संवेदनशील निघाले. हैदराबादेत मुख्य भरवसा होता कुत्र्यांवर.

हे तिसरे कारण वाटते त्याहून मोठे आहे. घोड्याचे हृदय विश्रांतीत मिनिटाला तीस-चाळीस ठोके देते, मांजराचे दीडशेच्या पुढे, सशाचे दोनशेच्या आसपास, उंदराचे पाचशेच्या वर. एवढा वेग ठेवायचा तर प्रत्येक ठोक्यानंतर पेशीला विजेच्या दृष्टीने झटकन पूर्वपदावर यावे लागते, आणि त्यासाठी लहान जनावरांच्या पेशी पोटॅशियमला बाहेर सोडणारी वेगळीच दारे वापरतात. शिवाय आकाराचाही प्रश्न आहे. वॉल्टर गॅरी यांनी १९१४ साली दाखवले की फिब्रिलेशन चालू असलेल्या स्नायूचे तुकडे करत गेले की लहान तुकडे आपोआप शांत होतात. कंप टिकायला पुरेसे मांस लागते. म्हणून छोट्या हृदयातला कंप पुष्कळदा आपला आपण थांबतो, मोठ्यातला थांबत नाही. टर्फेनाडिन हे सर्दी-ॲलर्जीचे औषध जगभर खपले आणि काही रोग्यांत हृदयाची लय बिघडवून बाजारातून गेले, त्याच्या मुळाशी असेच एक पोटॅशियमचे दार होते. माणसाच्या हृदयाला ते फार महत्त्वाचे. प्रौढ उंदराचे हृदय त्याच्यावाचून निभावते. म्हणून आज नवे औषध हृदयाची लय बिघडवते का हे तपासताना नुसत्या उंदरावर विसंबत नाहीत. ससा, गिनीपिग, कुत्रा घेतात, आणि शिवाय मानवी दारे बसवलेल्या पेशींवर औषध घालून पाहतात.

क्लोरोफॉर्मचे पुढे काय झाले? भूल म्हणून त्याचे दिवस भरत आले, आणि १९५६ साली हॅलोथेन आले. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांत त्याने कितीतरी वर्षे राज्य केले. तेही याच जातीचे, कार्बनला हॅलोजन चिकटलेले, आणि त्याचाही हृदयावर तोच डाग. हॅलोथेन चालू असताना सर्जनने रक्तस्राव थांबवायला ॲड्रेनलिन टोचायचे म्हटले की भूलतज्ज्ञ हात वर करून मात्रा विचारत असे, ते लेव्हीच्या मांजरांमुळे. आयसोफ्लुरेन आणि सेव्होफ्लुरेन आल्यावर ही काळजी पुष्कळ कमी झाली.

प्रयोगशाळेत मात्र क्लोरोफॉर्म राहिले, आणि तेही एका अशा कामासाठी की लॉरीला ते सांगायची कुणाची छाती झाली नसती. १९६८ साली लॉसन नावाच्या संशोधकाने हृदयाची लय सुधारणाऱ्या औषधांची झटपट चाळणी लावण्याची एक पद्धत मांडली. पांढऱ्या उंदराला आधी नवे औषध द्यायचे, मग क्लोरोफॉर्मच्या वाफेत ठेवायचे, आणि श्वास थांबताच छाती उघडून पाहायचे की निलय नियमित चालले आहेत की वळवळत आहेत. औषधाविना बहुतेक उंदरांचे हृदय फिब्रिलेशनमध्ये जाते. औषध कामाचे असेल तर जात नाही. हृदयाला थेट धोका मुळीच नाही असे ज्याच्याबद्दल तारेने कळवले गेले, ते द्रव्य हृदयाची लय बिघडवण्याचे खात्रीचे साधन म्हणून प्रयोगशाळांच्या कपाटात जाऊन बसले. बचनागातले ॲकोनिटिन, बेरियम क्लोराइड आणि उआबेन ही त्या कपाटातली त्याची शेजारी.

लेव्हीचा प्रयोग दुसऱ्या एका रूपातही जिवंत आहे. फ्रिजमध्ये भरायचा वायू किंवा आग विझवण्याचा फवारा बाजारात आणण्यापूर्वी तो बीगल जातीच्या कुत्र्याला हुंगवतात आणि हुंगत असतानाच ॲड्रेनलिन टोचून ईसीजी पाहतात. कारण या कुळातल्या कितीतरी द्रव्यांना क्लोरोफॉर्मची ही खोड आहे. थिनर, पेट्रोल, पूर्वीच्या टाइपरायटरच्या व्हाइटनरमधले द्रावण, सगळे त्या नात्यातले. अमेरिकेत १९७० साली बास नावाच्या डॉक्टराने अशी द्रव्ये हुंगताना अचानक गेलेल्या शंभरावर मुलांच्या नोंदी गोळा केल्या. त्यांतली काही हुंगून झाल्यावर जोरात पळाली होती आणि पळता पळताच कोसळली होती. आपल्या रेल्वे स्थानकांवर रुमालात व्हाइटनर किंवा पंक्चरचे सोल्युशन हुंगत बसलेली मुले दिसतात. त्यांच्यावर ओरडून, काठी घेऊन मागे धावणे हा प्रकार केवळ निर्दय नाही. हलके हुंगलेले द्रव्य आणि भीतीचा लोट हे हॅना ग्रीनरचेच समीकरण आहे.

आता क्लोरोफॉर्म बाजूला ठेवा आणि नुसता ॲड्रेनलिनचा लोट घ्या. तो बघायला लोहाऱ्याच्या माणसाला हैदराबादलाही जावे लागत नाही. बांधावरचा दगड उचलताना, कडबा ओढताना लाल विंचू डसतो, तेव्हा हेच होते. विष चेतातंतूंच्या टोकांशी सोडियमची दारे उघडी ठेवते, आणि ॲड्रेनलिन-नॉरॲड्रेनलिन शरीरात नुसते ओतत राहते. दरदरून घाम, उलट्या, हातपाय बर्फासारखे गार, नाडी भरधाव, रक्तदाब चढलेला. मग हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. मुंबईत के. राधाकृष्ण मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे विष कुत्रे आणि ससे यांना देऊन ईसीजी आणि रक्तातले बदल वर्षानुवर्षे तपासले. १९८८ साली त्यांनी इन्सुलिन, आल्फा-ब्लॉकर आणि सोडाबायकार्ब यांनी ते बदल मागे फिरवता येतात असे मांडले.

माणसावरचा इलाज मात्र प्रयोगशाळेच्या आधी दवाखान्यात सापडला, आणि सापडला तो मराठवाड्याच्याच माणसाला. हिम्मतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातील देहेडचे. १९७६ साली ते रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले आणि विंचवाने डसलेली मुले हातावर दगावताना पाहू लागले. ते रात्र रात्र रोग्यापाशी बसून नाडी, दाब, घाम, उलटी यांची नोंद ठेवत. १९८२ साली त्यांचा लेख त्याच लॅन्सेटमध्ये आला, ज्याने एके काळी हैदराबादकडे बघून नाक मुरडले होते. १९८६ साली त्यांनी प्राझोसिन सुचवले. रक्तदाबाची स्वस्त गोळी. ॲड्रेनलिन ज्या आल्फा ग्राहकांवर बसून रक्तवाहिन्या आवळते, ते ग्राहकच ती अडवते. पंचवीस-तीस टक्क्यांवर असलेले मृत्यू एका टक्क्याच्या आसपास आले.

त्याच लाल विंचवाच्या विषातून १९९० साली आयबेरिओटॉक्सिन नावाचे सदतीस अमिनो आम्लांचे प्रथिन वेगळे काढण्यात आले. पेशीतले एक मोठे पोटॅशियमचे दार ते इतक्या नेमकेपणाने बंद करते की रक्तवाहिन्या आणि चेतापेशी यांचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळा ते मायक्रोग्रॅमच्या मोजमापाने विकत घेतात. दुसरीकडे मुंबईच्या हाफकिनमध्ये घोड्यांना हेच विष थोडेथोडे टोचून त्यांच्या रक्तातून प्रतिविष तयार केले जाते. नुसते प्राझोसिन बरे की प्राझोसिनबरोबर प्रतिविष, हे बावस्कर दांपत्याने महाडमध्ये ७० रोग्यांवर चिठ्ठ्या टाकून तपासले आणि २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापले: नुसत्या गोळीवर रोगी सरासरी १७.७ तासांत सावरला, दोन्ही मिळून ८ तासांत.